मूळ नसलेले केस

डेंग्यू झाला की प्लेटलेट्सची चर्चा सगळे करतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस हातात येतात, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तापाच्या धक्क्याने बरेचसे केस एकदम विश्रांतीला जातात आणि मग गळतात. परत येतात, पण सावकाश. माझा साखरपुडा तेवढं थांबणार नव्हता! मग पुण्यात क्लिप-ऑन एक्स्टेन्शन घेतलं आणि बॅगेच्या तळाशी लपवून देऊळगाव राजाला घरी नेलं.

गच्चीवर धुवायला बसले, तर मोठी आई मागे उभी. ‘गंगावन आहे का गं?’ इतक्या सहज, जसं काही दुपट्टाच आहे! तिने स्वतः कितीतरी वर्षं गंगावन लावून वेणी घातली, आश्विनातल्या बालाजीच्या यात्रेला मिरवलीसुद्धा. गल्लीला माहीत होतं. ‘लपवायचं काय त्यात?’

मग म्हणाली, ‘याला मूळ नाही ना बाई. डोक्यावरच्या केसाला टाळू तेल पुरवते. याला कोण देणार?’

सगळी काळजी या एका वाक्यात आहे. तेल मिळत नाही म्हणून ते लवकर कोरडं पडतं, म्हणून रोज रोज धुवायचं नाही. पंधरा-वीस वेळा लावून झालं की पुरे. आधी कोरडं असतानाच गुंता काढायचा, टोकांकडून वर. कोमट पाण्यात थोडा सौम्य शाम्पू कालवून वरून खाली हात फिरवायचा. चोळायचं नाही, पिळायचं तर नाहीच. कंडिशनर फक्त खालच्या भागाला. शिवलेल्या पट्टीला लागला की केस निसटायला लागतात. आमच्या बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येईना. ते क्षार केसांवर बसतात, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. टॉवेलवर आडवं, सावलीत वाळवायचं. ठेवताना सैल वेणी. (सिंथेटिक असेल तर ड्रायर, इस्त्री विसरा, वितळतं!)

मोठी आईचं गंगावन गुंतवळाचं होतं. फणीत अडकलेले केस साठवायचे आणि त्यातून करून घ्यायचं. ते नेहमी का गुंतायचं? गुंतवळात कुणाचं मूळ वर, कुणाचं खाली. केसावर सूक्ष्म खवले असतात, उलटसुलट लागले की एकमेकांत अडकतात. स्वस्तातली एक्स्टेन्शन्सही बऱ्याचदा अशीच असतात. वरचा सिलिकॉनचा मुलामा चार धुण्यांत उतरला की खरं रूप दिसतं. ‘रेमी’ म्हणतात ते महाग, कारण त्यात सगळे केस एकाच दिशेने असतात.

असे केस बरेचसे येतात मुंडणातून. तिरुमलाचं देवस्थान भक्तांनी वाहिलेल्या केसांचा ई-लिलाव करतं. आमच्या गावच्या बालाजीला प्रति तिरुपती म्हणतात, त्यामुळे मोठी आई हे ऐकून जरा गप्प झाली. ‘कुणाचा तरी नवस असेल,’ म्हणाली आणि एक्स्टेन्शन जमिनीवरून उचलून पाटावर ठेवलं.

राहता राहिला प्रश्न सासरच्यांना सांगायचा. तो तिने चहा देता देता परस्पर उरकला. ‘पोरीचे केस तापात गेले, गंगावन लावलंय.’

मी कपाकडे बघत बसले. होणाऱ्या सासूबाई जरा पुढे सरकल्या. ‘कुठून घेतलंस? माझ्या रंगाचं मिळेल?’