बोली

मराठीत ज्याला ‘लिलाव’ म्हणतात, त्यालाच आपण उर्दूत ‘नीलाम’ म्हणतो. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. म्हणजे हे दोघे सख्खे भाऊच!

सिन्नरच्या बाजार समितीतील कांद्याचा लिलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ट्रॅक्टर रांगेने उभे असतात. व्यापारी कांदे हातात घेऊन पाहतात आणि क्विंटलमागे भाव बोलतात. शेतकऱ्याला वाटते, भाव चढावा. व्यापाऱ्याला वाटते, तो लवकर थांबावा. मदतीसाठी होणाऱ्या लिलावात मात्र घेणारा स्वतःच भाव चढवतो. तीस रुपयांचा नारळ तो पाचशेला घेतो. वरचे चारशे सत्तर रुपये, हे त्याचे दान.

महात्मा गांधी या कामात फार तरबेज होते. अस्पृश्यता निवारणासाठी त्यांनी ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून देशाचा दौरा सुरू केला. मिळालेली मानपत्रे आणि भेटवस्तू ते सभेतच लिलावात काढत. नऊ महिन्यांत सुमारे ८ लाख रुपये जमले.

असाच एक छोटा लिलाव मी सिन्नरमध्ये पाहिला. दिव्यांग बंधुभगिनींचा मेळावा होता. बहुतेकजण आपापल्या तीनचाकी स्कूटरवरून आले होते. या स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवलेले असते. खरे तर चाके चार होतात; पण लोक तिला तीनचाकीच म्हणतात.

त्यांच्यात एक तरुणी होती. पोलिओमुळे तिचे पाय अधू झाले होते. ती घरी विड्या वळत असे. तयार विड्या कारखान्यात पोचवण्यासाठी तिला रोज दुसऱ्याची वाट पाहावी लागे. भावाने आपली जुनी स्कूटर तिला दिली होती. तिला जोडचाके बसवण्यासाठी हा लिलाव होता.

सूत्रसंचालक उत्साहाने म्हणाले, “ताईंना मंचावर आणा. त्यांच्याकडे पाहून लोक जास्त बोली लावतील.”

ती जागेवरूनच शांतपणे म्हणाली, “भाऊ, वस्तूंचा लिलाव करा. माझा नको.”

सभा गप्प झाली. मग तिने पिशवीतून स्वतः शिवलेली गोधडी काढली आणि लिलावासाठी पुढे दिली. नारळ गेला, शाल गेली. पण सर्वांत मोठी बोली लागली ती गोधडीला! बोली लावणारा बाजार समितीतला एक हमाल होता. त्याने पैसे तिथेच मोजून दिले. चाकांपुरती रक्कम जमली.

मित्रांनो, आपल्या दीनमध्ये गुपचूप दिलेल्या दानाला मोठा मान आहे. मग लिलावात मोठ्याने बोललेले दान कमी मोलाचे का? मला तसे वाटत नाही. एकाचे ऐकून दुसऱ्याला द्यावेसे वाटते, हा त्याचा फायदाच आहे. मात्र आकडा मोठ्याने सांगितला, तरी घेणाऱ्याचे दुःख मोठ्याने सांगण्याची गरज नसते. मदत घेणाऱ्यालाही स्वाभिमान असतो, आणि त्याच्याजवळही देण्यासारखे काहीतरी असतेच.

उद्या उरुसात, गणेशोत्सवात किंवा शाळेच्या मदतीसाठी तुम्ही बोली लावाल. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोललेली रक्कम वेळेवर द्या. आणि ती ज्याच्यासाठी आहे, त्याची मान खाली जाऊ देऊ नका.