पोळा होऊन दोन रोज झाले

"आजी, आज तारीख काय?"

"पोळा होऊन दोन रोज झाले की, बाई. उद्या हरताळका."

मी कागदावर शून्य मांडलं. महिना विचारला तर म्हणाल्या, भादवा. रकान्यात इंग्रजी महिना हवा होता, म्हणून पुन्हा शून्य. सन सांगता आला नाही. शंभरातून सात वजा करत चला म्हटलं, तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला पेन्सिल दिली, ती त्यांनी हळूच परत माझ्या हातात ठेवली. तीसपैकी तेरा गुण.

माझ्या पीएच.डी.चं ते पहिलं वर्ष. अल्झायमरवर संशोधन म्हणजे मेंदूची चित्रं आणि प्रथिनांची मोजमापं, असं वाटण्याचे ते दिवस. आजी लातूरकडच्या. मुलाने त्यांना पुण्यातल्या आमच्या मेमरी क्लिनिकमध्ये आणलं होतं. संध्याकाळी फॉर्म पाहून माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "घरी काय काय करतात त्या?" मला सांगता येईना. मी विचारलंच नव्हतं.

मुलाला फोन केला. सहा महिन्यांपूर्वी वडील गेले, शेत बटईने दिलं, आई फ्लॅटवर आली आणि तेव्हापासून गप्प झाली. गावात असेपर्यंत चौदा घरांच्या दुधाचा हिशेब ती तोंडी ठेवायची. पुढच्या वेळी मी खुर्ची जवळ ओढली, मोठ्याने बोलले आणि वजाबाकी रुपयांत विचारली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... आजी अडखळल्या नाहीत. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं आणि मन दुःखात बुडालेलं होतं. डॉक्टरांनी त्यावर उपचार केले. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा स्मृती जिथल्या तिथे होती.

आजींना दिलेली ती तीस गुणांची चाचणी 1975 साली अमेरिकेत तयार झाली. वाचणं, लिहिणं, आकृती काढणं तिच्यात गृहीतच धरलेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी 1990च्या दशकात ती निरक्षर माणसांसाठी हिंदीत नव्याने बांधली. तिथे वाक्य लिहायला न लावता घराबद्दल काहीतरी सांगायला सांगतात. 'डोळे मिटा' हे वाचायला लावत नाहीत, तपासणारा स्वतः डोळे मिटून दाखवतो. हे वाचलं तेव्हा मला फार लाज वाटली. उत्तर वीस वर्षांहून अधिक काळ छापील पडून होतं.

चूक उलट्या बाजूनेही होते. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवले. मी निर्धास्त झाले होते. बाहेर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "परवा मंडईतून घरी येताना चुकले हो. तीस वर्षांचा रस्ता!" पुढच्या तपासण्यांत आजार निघाला. इतक्या वर्षांच्या शिक्षणाने तो झाकून ठेवला होता.

आता मी गावोगाव फिरते. एका मिनिटात आठवतील तेवढी जनावरं सांगा, हा आमचा नेहमीचा प्रश्न. एका मेंढपाळ बाईंनी सुरुवात केली: शेळी, बोकड, करडू, पाट, मेंढी, कोकरू... त्या गोठ्याबाहेर गेल्याच नाहीत. शेळी आणि पाट, म्हणजे तरुण शेळी, एक धरायचे की दोन? आम्ही तिघीजणी रात्री उशिरापर्यंत वाद घालत होतो. माझं मत दोनच. ज्याने पाट पाळली, त्याला ती शेळीपेक्षा वेगळी दिसते.

साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आयसीएमआरने मेंदूच्या तपासणीचा संच तयार केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती. मराठीसाठी अजून खूप मोजायचं आहे. चौथी शिकलेली, सत्तरीची, वऱ्हाडी बोलणारी निरोगी बाई किती गुण मिळवते, हे ठाऊक नसेल तर आजारी बाई ओळखायची कशाच्या आधारावर?

आणि अडतं ते इथेच. आमच्याकडे येतात ती विसरू लागलेली माणसं. ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांना कोण कशाला आणेल? म्हणून विनंती आहे. आमच्यासारखी एखादी मुलगी कागद घेऊन दारात आली, तर तुमच्या धडधाकट आजी-आजोबांचा एक तास तिला द्या. त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र तेवढं जवळ ठेवा.