टेबलावरचा तिसरा

मुलाखतीला बसतो आम्ही दोघं, पण कपबश्या सरकवून जागा करून द्यावी लागते ती तिसऱ्याला. पंजात मावेल एवढा काळा रेकॉर्डर. डोक्यावर दोन तिरपे माइक, त्यावर स्पंजची टोपी, पोटात पेन्सिल सेल. लाल दिवा लागला की स्वारी कामाला लागते. मग ती कुणाच्या बापाची नाही.

पदरमोड करून चित्रपट काढणारे आणि गाणारे-वाजवणारे, या दोन्ही जमातींकडे मी त्याला बरोबर नेतो. समोरचा बोलता बोलता थांबला की आपल्याला लगेच पुढचा प्रश्न सुचतो. त्याला काहीच सुचत नाही, म्हणून ते थांबणंही तो जसंच्या तसं ठेवतो. खोड एकच, त्याला डावं-उजवं कळत नाही. पंखा, कुकरची शिट्टी, खालून ओरडत जाणारा भंगारवाला आणि ‘पहिल्या फिल्मसाठी आईच्या पाटल्या मोडल्या’ हे वाक्य, सगळं एकाच पंगतीला. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला चार-पाच तास जातात, ते उगाच नाही.

सिनेमावाले त्याला घाबरत नाहीत. फक्त बजेटचा आकडा सांगायचा झाला की आवाज आपोआप खाली येतो. एका साउंडवाल्याने तर माझा पहिला प्रश्न यायच्या आत पंखा बंद केला, फ्रिज बंद केला आणि घरातल्या सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवलं. ‘रूम टोन घेऊन ठेवा.’ रिकाम्या खोलीलाही तिचा म्हणून आवाज असतो आणि संकलनात कापाकापी झाली की मधली भोकं त्यानेच बुजवतात. माझी मुलाखत छापायची होती, तिला रूम टोन कशाला? पण त्या गृहस्थांनी तिसऱ्याची अशी बडदास्त ठेवली, की मला बोलायचं धाडस झालं नाही.

गवयांचं तसं नाही. बोलण्याच्या ओघात एखादी बंदिश गुणगुणायला घेतली की त्यांचा हात आधी त्याच्याकडे जातो. ‘हे बंद करा, ही गुरुजींची आहे.’ हा सोवळेपणा आजचा नाही. अल्लादियाखाँ, कोल्हापूर दरबारचे गवई, 1946 साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही. आयुष्याच्या आठवणी मात्र आहेत, कारण त्या नातवाने, अजीजुद्दीनखाँ यांनी, लिहून घेतल्या. खाँसाहेबांनी आमच्या तिसऱ्याला उंबरठ्याबाहेरच बसवलं असतं, असं मला वाटतं. नातवाची गोष्ट वेगळी.

या तिसऱ्याच्या भाऊबंदांना पडद्यावर मानाचं पान मिळालं ते चैतन्य ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’मध्ये (2020). त्यातल्या माई कधीच दिसत नाहीत. गाणं शिकणारा शरद रात्री मोटरसायकलवरून जाताना कानात त्यांची व्याख्यानं ऐकतो, बस्स. तो करारी आवाज सुमित्रा भावे यांचा. 1985 साली ‘बाई’ या लघुपटापासून धंद्याच्या रुळलेल्या वाटेला न जाता चित्रपट करत आलेली ही बाई, एका गायकाच्या कानात गुरू होऊन बसली! माझ्या मते त्या चित्रपटातलं सगळ्यात कठोर पात्र तेच. ध्वनिफितीला उलटा प्रश्न विचारता येत नाही. मुलाखत घेणाऱ्याला निदान ‘म्हणजे काय?’ एवढं तरी म्हणता येतं.

हल्ली लोक म्हणतात, मोबाइल असताना हे लोढणं कशाला? एकदा याचे सेल उतरले म्हणून मोबाइलवर भागवलं. एक दिग्दर्शक अगदी रंगात येऊन सांगत होते, की चित्रपट दोन वर्षं तयार होऊन पडलाय, थिएटरवाले देतात तो सकाळी नऊचा शो, तोही आठवडाभर. तेवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडून एक गोड आवाज विनातारण कर्ज हवंय का विचारत होता. मी कापणार, तोच दिग्दर्शकांनी हात पुढे केला. ‘थांबा, थांबा. द्या इकडे. किती देतायत?’