प्रशिक्षकाचा हिशेब कधी मांडायचा?

४६ सामने, ३२ विजय, १२ पराभव, २ बरोबरीत. म्हणजे दहापैकी साधारण सात सामने जिंकले. दुसऱ्या कुठल्याही देशात या आकड्यांवर प्रशिक्षकाचे सत्कार झाले असते. न्यूझीलंडमध्ये मात्र इयन फॉस्टरला याच आकड्यांसाठी चार वर्षं टोमणे ऐकावे लागले. विश्वचषकाला साडेपाच महिने बाकी असताना त्याच्या जागी येणाऱ्या माणसाचं नाव जाहीर झालं. त्या विश्वचषकात हा माणूस संघ घेऊन अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि एका गुणाने हरला.

हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी रग्बीशी माझा संबंध काय, ते थोडक्यात. आपल्याकडे हा खेळ मुंबई-पुण्याच्या मोजक्या मैदानांपलीकडे फारसा कुणी पाहत नाही. मी पाहू लागलो सनी बिल विल्यम्समुळे. २०१५ चा विश्वचषक जिंकल्यावर मैदानात धावत आलेल्या एका पोराच्या गळ्यात या मुस्लिम खेळाडूने स्वतःचं पदक घातलं होतं. पुढे माझा मामेभाऊ नोकरीसाठी ऑकलंडला गेला आणि "भाईजान, मॅच लावली का?" असे त्याचे मेसेज सुरू झाले. मग १५ मार्च २०१९ चा शुक्रवार आला. क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जीव गेले. दुसऱ्या दिवशीचा तिथल्या क्रुसेडर्स संघाचा सामना रद्द झाला. त्याच महिन्यात सनी बिलचा सहकारी ऑफा टुउंगाफासी याने इस्लाम स्वीकारला. तेव्हापासून तो देश आणि त्याचा काळ्या जर्सीतला संघ मला परका वाटत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. फॉस्टर वाईट ठरला तो कुणाच्या तुलनेत? त्याच्या आधीच्या दोन प्रशिक्षकांच्या. ग्रॅहम हेन्रीने १०३ पैकी ८८ सामने जिंकले, स्टीव्ह हॅन्सनने १०७ पैकी ९३. हेन्रीच्या काळात २०११ चा विश्वचषक आला, हॅन्सनच्या काळात २०१५ चा. पंच्याऐंशी टक्क्यांची सवय लागलेल्या घरात सत्तर टक्के आणणारं पोर नापासच ठरतं. त्यात फॉस्टरवर सुरुवातीपासून शिक्का होता. २०१२ पासून तो हॅन्सनचा सहायक होता. त्याआधी चीफ्स या संघाबरोबर आठ हंगाम काढूनही त्याला एकही किताब मिळाला नव्हता. लोकांना हवा होता क्रुसेडर्सचा स्कॉट रॉबर्टसन. तो दरवर्षी किताब जिंकायचा आणि जिंकल्यावर मैदानात ब्रेकडान्स करायचा.

फॉस्टरच्या विरोधातला खटला कच्चा नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूझीलंड इतिहासात प्रथमच अर्जेंटिनाकडून हरलं. ऑगस्ट २०२१ मध्ये मंडळाने त्याचा करार विश्वचषकापर्यंत वाढवला. तीनच महिन्यांनी डब्लिनला आयर्लंडकडून आणि पॅरिसला फ्रान्सकडून लागोपाठ हार झाली. जुलै २०२२ मध्ये आयर्लंडने न्यूझीलंडमध्ये येऊन मालिका २-१ अशी जिंकली. तोवर आयर्लंडला त्या भूमीवर एकही कसोटी जिंकता आली नव्हती. ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेत २६-१० असा पराभव झाला. सहा कसोट्यांत पाच पराभव, आणि जागतिक क्रमवारीत संघ पाचव्या स्थानावर. एवढं खाली तो कधीच गेला नव्हता.

बाजूनेही बोलण्यासारखं होतं. या चारही वर्षांत दक्षिण गोलार्धातली मुख्य स्पर्धा न्यूझीलंडनेच जिंकली. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा ब्लेडिस्लो चषकही एकदाही हातातून गेला नाही. पहिली दोन वर्षं कोविडची. विलगीकरण, बदललेली वेळापत्रकं, महिनोन्‌महिने घराबाहेरचे दौरे. हॅन्सनच्या संघातले कितीतरी आधार एकेक करून निवृत्त होत होते. शिवाय उत्तर गोलार्धातले संघ सुधारले होते. समोरचा सुधारला की आपण घसरलो असंच वाटतं. तक्त्यात दोन्ही सारखंच दिसतं.

मग जोहान्सबर्गचा तो शनिवार आला, १३ ऑगस्ट २०२२. एलिस पार्कवर हरला तर फॉस्टर गेला, असं सगळे धरून बसले होते. दोन सहायक प्रशिक्षकांना आधीच काढलं होतं. त्यांच्यापैकी एकाच्या जागी फॉरवर्ड्सना शिकवायला जेसन रायन आला होता. न्यूझीलंड तिथे ३५-२३ असं जिंकलं. चार दिवसांनी मंडळाने जाहीर केलं की विश्वचषकापर्यंत फॉस्टरच राहील आणि आयर्लंडचा माजी प्रशिक्षक जो श्मिट त्याच्या हाताखाली येईल. मला खटकतं ते इथे. ऐंशी मिनिटांपूर्वी जो माणूस नालायक होता, तो ऐंशी मिनिटांनंतर लायक कसा झाला? पुढे दोनच आठवड्यांनी तो घरच्या मैदानावर अर्जेंटिनाकडून हरला. मंडळाची बैठक त्या सामन्यानंतर झाली असती तर? एका सामन्यावर माणूस ठेवायचा किंवा काढायचा, याला मूल्यमापन म्हणत नाहीत. ते नाणं उडवणं झालं.

मार्च २०२३ मध्ये मंडळाने पुढची पायरी गाठली. विश्वचषकानंतर रॉबर्टसन प्रशिक्षक होणार, हे तेव्हाच जाहीर करून टाकलं. फॉस्टरने पदासाठी अर्जही केला नव्हता. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर निवड करू नका, असं त्याचं आधीपासून म्हणणं होतं. मंडळाचाही मुद्दा होता. चांगले प्रशिक्षक वर्षभर आधी करार करतात, थांबलो तर दुसरा देश उचलून नेईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ज्याच्या हातून सर्वांत मोठं काम करून घ्यायचं आहे, त्याला ते काम होण्याआधीच निकाल वाचून दाखवायचा, यात हिशेबापेक्षा घाईच जास्त दिसते.

विश्वचषकाची सुरुवातही तशीच झाली. आधी सरावाच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेकडून ३५-७. मग पहिल्याच सामन्यात फ्रान्सकडून २७-१३. विश्वचषकाच्या साखळी फेरीत न्यूझीलंड तोवर एकदाही हरलं नव्हतं. टीकाकारांना आता शोकसभेची तारीखच ठरवायची होती. उपांत्यपूर्व फेरीत समोर लागोपाठ १७ सामने जिंकून आलेला आयर्लंड. शेवटच्या मिनिटांत आयर्लंडने चेंडू ३७ वेळा पुढे रेटला आणि न्यूझीलंडने ३७ वेळा अडवला. २८-२४. दमलेल्या माणसांनी एकमेकांची जागा न सोडता तो बचाव केला, एकही पेनल्टी न देता. माझ्या मते फॉस्टरच्या चार वर्षांवरचं सर्वांत खरं प्रमाणपत्र हेच. ज्या संघाचा आपल्या माणसावर भरोसा उडालेला असतो, तो असा अडवत नाही.

अंतिम सामना आपल्याकडे २९ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता सुरू झाला. कर्णधार सॅम केनला पहिल्या अर्ध्या तासातच रेड कार्ड. पुढची पन्नास मिनिटं न्यूझीलंड चौदा जणांनिशी खेळलं. बोडन बॅरेटने ट्राय केला, पण वरचे दोन गुण हुकले. शेवटी लांबून मारलेली एक पेनल्टीही हुकली. १२-११, दक्षिण आफ्रिका विजयी. ती पेनल्टी खांबांच्या मधून गेली असती तर फॉस्टर जगज्जेता प्रशिक्षक म्हणून निवृत्त झाला असता. त्याच्या कामात तसूभरही फरक पडला नसता, आपल्या भाषेत मात्र जमीन-अस्मानाचा पडला असता.

मग लांबचा विचार करून निर्णय घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? या खेळातच दोन उदाहरणं आहेत.

पहिलं न्यूझीलंडचंच. २००७ च्या विश्वचषकात हेन्रीचा संघ उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून २०-१८ असा हरला. एवढ्या लवकर न्यूझीलंड कधीच घरी आलं नव्हतं. तोवरचा रिवाज असा, की विश्वचषक हरलेला प्रशिक्षक जातो. १९९९ नंतर जॉन हार्ट राहिला नाही, २००३ नंतर जॉन मिचेल राहिला नाही. लोकांना क्रुसेडर्सचा रॉबी डीन्स हवा होता. मंडळाने रिवाज मोडून हेन्रीला ठेवलं. डीन्स ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक झाला. २०११ च्या उपांत्य सामन्यात हेन्रीच्या संघाने त्याच डीन्सच्या ऑस्ट्रेलियाला २०-६ असं हरवलं आणि पुढे चषक उचलला.

दुसरं दक्षिण आफ्रिकेचं. २०१८ मध्ये रासी इरास्मस आला, त्याच्या आदल्याच वर्षी तो संघ न्यूझीलंडकडून ५७-० असा हरलेला होता. इरास्मसच्या पहिल्या वर्षाचे आकडे पाहा: १४ सामने, ७ विजय, ७ पराभव. फॉस्टरच्या सर्वांत वाईट वर्षापेक्षाही वाईट. पण त्याच वर्षी त्याने सिया कोलिसीला कर्णधार केलं, कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. नवे खेळाडू आणले आणि कुठल्या पद्धतीने जिंकायचं ते ठरवून दिलं. पुढच्या वर्षी तो संघ जगज्जेता झाला. टक्केवारी पन्नासची होती, दिशा मात्र पक्की होती.

उलट बाजूही सांगायला हवी. रॉबर्टसनबद्दल माझ्या मनात क्रुसेडर्स या नावामुळे अढी होती. क्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर त्या संघाने तलवारधारी सरदाराचं चिन्ह काढलं, नाव मात्र ठेवलं. पण नाव काही रॉबर्टसनने दिलेलं नव्हतं, आणि इन्साफ अढी असलेल्या माणसालाही लागू असतो. त्याच्या पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, न्यूझीलंड १४ पैकी ४ कसोट्या हरलं. २०२५ मध्ये अर्जेंटिनाच्या भूमीवर पहिल्यांदा हरलं, आणि वेलिंग्टनला दक्षिण आफ्रिकेकडून ४३-१० असं. फॉस्टरच्या काळात ज्या गोष्टींना फॉस्टरचे दोष म्हटलं गेलं, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी माणूस बदलल्यावरही तिथेच होत्या. म्हणजे त्या त्याच्या एकट्याच्या नव्हत्या.

यातून मी स्वतःपुरते चार प्रश्न काढले आहेत. माणसाला हाती काय मिळालं होतं? वाईट दिवस आल्यावर त्याने काय बदललं? हाताखालचे लोक त्याच्यासाठी जीव टाकून काम करतात का? आणि चौथा, तो गेला तर कोणता दोष खरोखर त्याच्याबरोबर जाईल? फॉस्टर पहिल्यात अर्धा सुटतो. दुसऱ्यात त्याला उशीर झाला. सहायक बदलले, ते संघ आयर्लंडकडून मालिका हरल्यावर. तिसऱ्यात तो पूर्ण उत्तीर्ण होतो. चौथ्याचं उत्तर वर आलंच आहे. माझ्या मते तो महान प्रशिक्षक नव्हता, चांगला होता, आणि वाईट वागणूक मिळूनही त्याने काम सोडलं नाही.

आता हे माझ्या डोक्यात का घोळतं ते. आमच्या गावातल्या एका विनाअनुदानित उर्दू शाळेच्या कमिटीवर मी आहे. तीन वर्षांपूर्वी आलेल्या सदर मुदर्रिस सरांना ठेवायचं की नाही, यावर चर्चा सुरू आहे. आरोप एकच: दहावीच्या निकालाचा टक्का घसरला. तो घसरला आहे, खोटं नाही. पण का, हे कुणी विचारत नाही. आधी नववीतल्या कच्च्या मुलांना, त्यातही मुलींना, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावायचे. त्यांचा निकाल शाळेच्या खात्यात येत नसे. त्यातल्या कित्येकजणी परीक्षेलाच बसत नसत. कुणाचं लग्न ठरे, कुणी घरी बसे. सरांनी ही पद्धत बंद केली. तीस मुलं बसवून अठ्ठावीस पास झाली तर त्र्याण्णव टक्के, आणि पंचेचाळीस बसवून छत्तीस पास झाली तर ऐंशी. फलकावर त्र्याण्णव छान दिसतं. पण दुसऱ्या हिशेबात आठ मुलं जास्त पास झालेली असतात, आणि नापास झालेल्यांनाही पुरवणी परीक्षेचं दार उघडं असतं.

कमिटीतले लोक वाईट नाहीत. शेजारच्या शाळेचा फलक पाहून पालक मुलं काढून नेतील, ही त्यांची भीती खरी आहे. फी आली नाही तर शिक्षकांचे पगार कुठून द्यायचे? सरांच्या जागी कोण, याची नावंही दबक्या आवाजात सुरू झाली आहेत. मार्चची परीक्षा अजून व्हायची आहे.

येत्या रविवारी बैठक आहे. मी टक्केवारीचा कागद बाजूला ठेवून तीन यादी मागणार आहे: सर येण्याआधी दरवर्षी नववीतून किती मुली गळत होत्या, आता किती गळतात, आणि एकूण किती मुलं पास होऊन अकरावीत गेली. याद्या पाहूनही बहुमताला सरांना बदलावंसं वाटलं तर तो त्यांचा अधिकार. पण निर्णय परीक्षेनंतर घ्या आणि तोवर दुसऱ्याचं नाव बाहेर फोडू नका, एवढा ठराव तरी मी मांडणारच.