देहाचा अखत्यार

पवनेच्या काठावरील पिंपळे सौदागर या एके काळच्या शेतमळ्यांच्या गावात आता बहुमजली इमारतींची दाटी झाली असून, रक्षक चौकाजवळच औंधच्या लष्करी छावणीची हद्द लागत असल्यामुळे, पलटणीतून सेवानिवृत्त झालेल्या माझ्यासारख्या कित्येकांनी उत्तरायुष्याचे बिऱ्हाड याच परिसरात थाटले आहे. निवृत्तिवेतन नियमित जमा होते, बाजारहाट हाकेच्या अंतरावर आहे, शेजार सज्जनांचा आहे. आणि तरीही, नळासाठी खणून नुकताच बुजवलेला चर रस्त्यात आडवा दिसला की माझी पावले जागच्या जागी खिळत, आणि तो ओलांडण्याऐवजी मी दुसऱ्या गल्लीने वळसा घालून घरी येत असे. १९८७ च्या ऑक्टोबरात भारतीय शांतिसेनेबरोबर मी श्रीलंकेतील जाफन्यात होतो. तेथे रस्त्यांखाली व मोऱ्यांमध्ये सुरुंग पुरलेले असत, आणि नव्याने उकरलेल्या मातीचा अर्थ आम्हांस एकच ठाऊक होता.

मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी माघारी आली तोपर्यंत आपले सुमारे १,२०० जवान त्या बेटावर कामी आले होते. जे परतले त्यांच्यापैकी मी एक. पुढे तैनाती बदलल्या, बढत्या मिळाल्या, सुभेदार म्हणून सन्मानाने घरी आलो; परंतु निद्रा मात्र त्या मुलखातच राहिली. नव्या इमारतींच्या पायासाठी काळा पाषाण फोडणारी यंत्रे धडधडू लागली की छाती आवळून येई, पाठ भिंतीला टेकल्यावाचून बसवत नसे, आणि झोपेत कोणाचा हात लागला तर मी भान हरपून उसळून उठे. त्यामुळे माझी पत्नी मला कधीही हलवून जागे करीत नसे. उंबऱ्यात उभी राहून ‘अहो, मी आहे’ असे दोन-तीनदा म्हणे, आणि मी डोळे उघडून तिला ओळखल्यावरच आत येई. संसाराची इतकी वर्षे त्या माउलीने हा शिरस्ता मुकाट्याने पाळला.

या व्याधीचा इतिहास माझ्याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या वैद्याने तोफगोळ्यांच्या आघाताने खचलेल्या सैनिकांची लक्षणे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र १९८० मध्ये तिला आघातोत्तर तणावविकार म्हणून आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले. ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे मी अखेर गेलो, त्यांनी औषध दिले, आणि जे आठवू नये म्हणून मी आयुष्यभर धडपडलो ते सुरक्षित स्थळी, क्रमाक्रमाने बोलून काढण्याचा उपचार सुरू केला. खांदे व मान यांचे स्नायू लाकडासारखे ताठरलेले पाहून त्यांनीच पुढे, जोड म्हणून, मालीश करवून घेण्याचे सुचवले.

जे मालीश करणारे गृहस्थ आमच्या घरी येऊ लागले ते जन्मांध आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी तेलाची बाटली उघडण्यापूर्वी माझी संपूर्ण कैफियत ऐकून घेतली: कोठे छऱ्याचे व्रण आहेत, कोणती औषधे चालू आहेत, कोणता वास सोसत नाही. खोबरेल नको, एवढेच मी म्हणालो. कारण त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्यांनी तिळाचे तेल कोमट करवून घेतले. पालथे निजणे, म्हणजे दाराकडे पाठ करणे, मला अशक्य होते. तेव्हा त्यांनी खुर्ची दाराकडे तोंड करून मांडावयास लावली आणि दार सताड उघडे ठेवविले. मग म्हणाले, “सुभेदारसाहेब, आता डाव्या खांद्यावर हात ठेवतो. ठेवू का?” मी हो म्हणेपर्यंत ते थांबले. प्रत्येक नव्या जागी हात नेण्यापूर्वी त्यांनी असेच विचारले. “‘पुरे’ म्हणालात की हात उचलीन, कारण सांगायची गरज नाही,” असेही त्यांनी बजावले होते. मी मुद्दामच, काही दुखत नसताना, ‘पुरे’ म्हणालो. त्याच क्षणी दोन्ही हात उचलले गेले, आणि मी पुन्हा सांगेपर्यंत खाली आले नाहीत.

त्या क्षणाचे मोल सैनिकाखेरीज इतरांस कदाचित उमगणार नाही. पलटणीत देह हुकमाचा ताबेदार असतो, आणि तेच उचित आहे. परंतु आघातानंतर तो भीतीचा ताबेदार होतो, आणि ज्याचा तो आहे त्याचा अखत्यार त्यावर उरत नाही. येथे मात्र, कित्येक वर्षांनंतर प्रथमच, माझ्या खांद्याचे काय व्हावे हे मी ठरवीत होतो, आणि दुसरा मनुष्य ते निमूट मानीत होता.

या विद्येचे व सैनिकांचे नाते जुने आहे, हे मला नंतर वाचनात आढळले. लंडनमध्ये १९१५ साली स्थापन झालेल्या सेंट डन्स्टन्स या संस्थेत, युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना मालीशचे रीतसर शिक्षण दिले जाई, आणि ते अंध सैनिक पुढे इस्पितळांत जखमी सोबत्यांची सेवा करीत. त्वचेतील काही सूक्ष्म मज्जातंतू सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ गतीच्या स्पर्शालाच विशेष प्रतिसाद देतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. स्पर्शाचा दाब ओळखणाऱ्या ग्राहीचा शोध लावणारे आर्डेम पटापूटियन, ज्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते स्वतः गृहयुद्धाने होरपळलेल्या बैरुतमध्ये वाढले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

मालीशने माझी स्मृती पुसली नाही. ती पुसली जावी अशी इच्छाही नाही, कारण तीत माझे सोबती आहेत. दिवाळीच्या फटाक्यांत आजही मी खिडक्या लावून घेतो. पण आताशा मान वळते, रात्रीची झोप सलग लागते, आणि ज्या दिवशी मालीश झालेले असते त्या दिवशी, जे प्रसंग पूर्वी ओठांवर येत नसत ते मी डॉक्टरांपुढे स्थिर आवाजात सांगू शकतो. सौम्य मर्दनाने उद्विग्नता काही काळ ओसरते, एवढेच वैद्यकशास्त्र मान्य करते. मूळ व्याधीवर बोलण्याचा उपचार व औषध हेच प्रमाण मानते. या दोहोंची जागा मालीशला देऊ नये, असे मी स्वानुभवाने आग्रहपूर्वक सांगतो.

म्हणून माझ्या माजी सैनिक बांधवांना विनंती आहे, की ही व्याधी भ्याडपणाचा दाखला समजून लपवू नका. माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेचे दवाखाने आहेत. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा दूरध्वनी अहोरात्र चालतो, आणि सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. आणि जे मालीश करतात, शुश्रूषा करतात, किंवा अशा मनुष्याच्या घरात राहतात, त्यांना एवढेच सांगणे, की हात लावण्यापूर्वी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.