पंचमीचे पाणी

तळोज्याच्या माणसाने पाण्यावर लिहायला बसावे हे कळले तर आमच्या इमारतीतले लोक हसतील. आमच्याकडे पाणी म्हणजे टाकीचे, नाहीतर टँकरचे. नदी आहे, तिचे नाव कासाडी; पण कारखान्यांच्या वसाहतीतून वाहता वाहता तिचे जे रूप झाले आहे ते पाहून तिच्यात पाय बुडवावा असे कुणाच्या मनात येत नाही. २०१७ च्या ऑगस्टात आमच्या भागातली भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे जगभर झळकली, तेव्हा परदेशातल्या भाच्याने मुद्दाम फोन करून विचारले, "मामा, तुम्ही अजून आपल्याच रंगाचे आहात ना?"

तरी मी पाण्याच्याच घरातला. माझे वडील पनवेलच्या खाडीत मचव्यावर तांडेल होते. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते आणि त्यांचे त्यावाचून कधी अडलेही नाही. शाळेत मास्तर छडी उगारून आमच्याकडून पाऊणकी घोकून घेत. ती कशासाठी, हे मास्तरांनी कधी सांगितले नाही. वडिलांनी सांगितले. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी होते. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला खाडी तुडुंब. पुढे सहा-सव्वासहा तास ओहोटी. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला हा हिशेब थोड्याफार फरकाने बरोबर लागू पडतो. मी पस्तीस वर्षे कचेरीत कारकुनी केली. तिथे पाऊणकीचा उपयोग पगाराच्या कपातीपुरता.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने, श्रीकांतने, जाहीर केले की यंदा फटाके नाहीत. त्या पैशात आपण सर्वांनी रात्रीच्या कयाक-सफरीला जायचे. कयाक म्हणजे दोन माणसे मागेपुढे बसतील एवढी प्लास्टिकची निमुळती होडी आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. रायगड जिल्ह्यातच, आमच्यापासून मोटारीने चार तासांवर, एका खाडीत एक तरुण अशा सफरी काढतो. खाडीचे नाव सांगत नाही. त्या पोराच्या पोटावर पाय आणायची माझी इच्छा नाही. अंधारात वल्हे मारले की पाणी निळसर उजळते. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव ढवळले गेले की प्रकाश टाकतात. २०२० च्या नोव्हेंबरात कोकणच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी लाटा अशा उजळल्या होत्या आणि लोक त्या पाहायला रात्री लोटले होते. अंदमानात हॅवलॉकला तर याच्यासाठीच रात्रीच्या होड्या निघतात.

श्रीकांतने मोबाइलवर जाहिरात दाखवली. तीत एक ओळ होती : 'संपूर्ण कुटुंबासाठी. पोहता येण्याची आवश्यकता नाही.' ही ओळ वाचून सगळ्यांना धीर आला. मला मात्र उगीचच चुकल्यासारखे वाटले. बैठक ठरली होती पांडवपंचमीची, संध्याकाळी सातची. माझी नजर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेली आणि ओठ आपोआप हलले : पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती, दहाच्या सुमाराला सुकती. म्हणजे सातला ओहोटी ऐन जोरात. त्यातून अमावास्या होऊन पाचच दिवस झालेले. उधाणाचा जोर अजून पुरता उतरलेला नसणार.

मी श्रीकांतला म्हटले, "अरे, सातला पाणी बाहेर ओढत असेल."

"बाबा, त्यांचं रोजचं काम आहे ते. गाइड बरोबर असतात. आणि लोकांनी किती चांगलं लिहिलंय बघा."

मी गप्प बसलो. म्हातारपणी माणसाला एक भीती फार असते : आपण भित्रे दिसू ही.

धक्क्यावर पोचलो तेव्हा सहा होड्या ओळीने लावल्या होत्या. आमच्याखेरीज आणखी तीन कुटुंबे. गाइड विशीतला, हसतमुख, दंडांनी भरलेला. त्याने सर्वांना लाइफ जॅकेटे दिली. मनूला, माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, मोठ्या माणसाचेच जॅकेट मिळाले. लहान मापाची दोन होती, ती आधीच गेली होती. त्याने पट्टे ओढून बांधले आणि म्हणाला, "झालं, एकदम फिट!" मी खांद्याच्या पट्ट्यांत बोटे घालून जॅकेट वर उचलून पाहिले. ते सरळ मनूच्या कानांपर्यंत आले आणि तिची हनुवटी आत गेली. "आजोबा, मी कासव झाले!" ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. हे हसणे मला पुढे फार दिवस पुरले.

तरी मी गाइडला बाजूला घेऊन विचारले, "आज भरती कितीची होती?"

"आजोबा, बॅच सातची आहे," तो म्हणाला. उद्धटपणाने नव्हे, त्याला प्रश्नच तेवढा समजला होता.

दुसरा एक मुलगा शेपटीला राहणार होता. पण ऐनवेळी कुणा पाहुण्याची मोटार वाळूत रुतली आणि त्याला तिकडे पिटाळण्यात आले. पुढे गाइड, मागे आम्ही. श्रीकांत आणि मी एका होडीत, सूनबाई आणि मनू आमच्यामागून. आमची ही धक्क्यावरच बसली. "पाहायचं ते इथूनही दिसतं," असे ती म्हणाली. तिच्या पन्नास वर्षांच्या संसारातली शहाणी वाक्ये काढली तर हे वरच्या पाचांत बसेल.

जाताना काही कष्टच पडले नाहीत. खाडीच्या मुखाच्या बाजूला खारफुटीचे एक बेट आहे, तिकडे पाणी आम्हांला आपण होऊन नेत होते. गाइड कौतुकाने म्हणाला, "आज मंडळी जोरात आहेत!" पश्चिमेला पंचमीची कोर खाली उतरली होती. बेटाच्या सावलीत शिरलो आणि त्याने सर्वांना दिवे विझवायला सांगितले.

ते जे पाहिले ते खोटे कसे म्हणू? वल्हे बुडवले की पात्याभोवती निळे-हिरवे वलय फुटे आणि विझे. हात पाण्यात घातला तर बोटांना जणू प्रकाशाचे मोजे. एक मासा होडीखालून निघाला आणि त्याची वाट पाण्यात क्षणभर रेघेसारखी उमटून राहिली. मनू ओरडत नव्हती, बोलतही नव्हती. पोरीला एवढे गप्प मी कधी पाहिले नव्हते. वडिलांनी हे कितीदा पाहिले असेल! घरी येऊन त्यांनी त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नव्हता. त्यांच्या लेखी ते रोजचेच पाणी.

परत फिरलो आणि पाण्याने आपले खरे तोंड दाखवले. वल्हे मारावे आणि झाड जिथल्या तिथे. माझा श्वास फुलला. श्रीकांत एकटा ओढत होता. कुणी मोबाइलचे दिवे लावले, त्यांनी उलट डोळे दिपून मागचे काहीच दिसेना. वीस मिनिटांनी सगळ्या होड्या एका खडकाच्या आडोशाला जमल्या. गाइडने मोजले : "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. चला!"

दहा मूर्ख नदी उतरून गेले आणि जो तो स्वतःला सोडून मोजू लागला, म्हणून नऊच भरले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. आमच्या पोराने उलटे केले. त्याने स्वतःची होडी धरून सहा मोजल्या. पाहुण्यांच्या सहा होत्या, त्याची सातवी.

श्रीकांतने मागे पाहिले आणि हाक मारली. उत्तर नाही. जॅकेटांना शिट्ट्या नव्हत्या, होडीच्या टोकाला दिवा नव्हता. गाइड खडकामागे, आलो त्या वाटेने बेटाच्या आतल्या बाजूला शोधायला निघाला. तेव्हा मात्र माझा संकोच गळाला. मी ओरडलो, "तिकडे नको! पाणी जाईल तिकडे जा! मुखाकडे!" तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग वळून बाणासारखा सुटला.

सूनबाई भेटली ती मुखाच्या अलीकडे, कोळ्यांनी जाळे बांधायला रोवलेल्या एका खांबाला मिठी मारून. एक हात खांबाला, एक मनूच्या जॅकेटच्या पट्ट्याला. कालवांच्या धारेने तिचा तळहात चिरला होता. तिला पोहता येत नाही. पोहता येण्याची आवश्यकता नव्हती ना! दोघी किती वेळ तशा होत्या हे मी तिला अजून विचारलेले नाही. मनू होडी बांधताना एवढेच म्हणाली, "आजोबा, पाणी पळत होतं."

माझ्या लहानपणी घरात 'रामदास' बोटीचे नाव निघाले की वडील उठून बाहेर जात. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. पुढे मी नोकरीत, संसारात हे विसरलो. पण त्या रात्रीनंतर असल्या बातम्या माझ्या डोळ्यांतून सुटेनात. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी सूर्य मावळल्यावर गर्दीने भरलेली सहलीची बोट उलटली, बावीस गेले, त्यांत मुले किती! १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. बारा विद्यार्थी, दोन शिक्षिका. तलावात ना भरती ना ओहोटी. तिथे बोटीत माणसे जास्त आणि जॅकेटे कमी. आपल्या सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण काढले, नोंदणी सांगितली, हे चांगलेच झाले. पण कागदाला तिथी विचारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या सफरीच्या मालकाकडे गेलो. श्रीकांत भांडायच्या तयारीने येणार होता, त्याला मी येऊ दिले नाही. मालक तिशीतला, मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला, होड्या कर्जाने घेतलेल्या. त्याला रात्रभर झोप नव्हती हे दिसत होते. म्हणाला, "काका, बॅच रद्द केली की लोक पैसे परत मागतात. दिवाळीचे दहा दिवसच आमचे."

मी म्हटले, "रद्द नको करूस. दिशा बदल." वडिलांचा नियम त्याला सांगितला : जाताना पाण्याच्या विरुद्ध जावे, येताना पाण्याबरोबर यावे. ताज्या हातांनी झुंजावे, थकलेल्या हातांना पाण्याने घरी आणावे. ओहोटी असेल त्या रात्री मुखाकडे न जाता खाडीच्या वरच्या अंगाला जा. एखादी होडी सुटली तरी वाहत तुझ्याच धक्क्यावर येईल. शेपटीचा माणूस कशासाठीही हलवू नकोस. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांध, ती चार आण्यांची वस्तू आहे. (चार आणे आता चालत नाहीत हे त्याने नम्रपणे सुचवले.) आणि लहान मापाची जॅकेटे संपली की मुलांना घेणेही संपले. त्याने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मी त्यावर प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतची पाऊणकी लिहून दिली. त्याने ती भिंतीला खिळा ठोकून लावली. अजून आहे की नाही कोण जाणे.

परवा मनू कालनिर्णय काढून बसली होती. तिला आता पाऊणकी येते. आमच्या इमारतीतल्या मुलांत एवढी विद्या तिलाच आहे.

"आजोबा, पुन्हा जायचं. पण पाणी आत येणारं हवं आणि चंद्र नको."

"मग कर हिशेब."

तिने बोट पानावरून फिरवले. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अमावास्येला सातला पाणी आत येतंय, आणि सगळा अंधार!" मग तिने चौकटीतली बारीक अक्षरे वाचली. "पण आजोबा, हे तर लक्ष्मीपूजन आहे."

स्वयंपाकघरातून चकलीचा सोऱ्या थांबल्याचा आवाज आला. सूनबाई दारात येऊन उभी राहिली, पिठाच्या हातांनी. उजव्या तळहातावरची पांढरी रेघ पिठातूनही दिसत होती.

"लक्ष्मीपूजनाला घर सोडून कुणी कुठं जायचं नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मार्गशीर्षातली अमावास्या कितीला येते गं?"