चोर्ला घाटातली शिकवण

बेळगावहून पणजीला बिऱ्हाड हलवताना कणकुंबीला पावसानं गाठलं. ताडपत्री आवळायला माझे रॅचेटचे पट्टे काढले, तर सगळा गुंता! तो सुटेपर्यंत आजीचं शिसवी कपाट भिजलं.

घाट उतरून साखळीला चहा घेताना टेम्पोवाल्या मामांनी एक पट्टा हातात घेतला. "हे बघा, मधोमध दुमडायचा आणि दुमडीकडून गुंडाळायचा, म्हणजे दोन्ही टोकं बाहेर राहतात. वरून सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग चढवायची. रॅचेट मिटून शेजारी ठेवायचं. ओला पट्टा मात्र आधी वाळवायचा, नाहीतर कुबट वास येतो, रॅचेटही गंजतं."

आता गॅलरीत खिळ्यांवर सहा गुंडाळ्या टांगल्या आहेत. कपाटावरचा पाण्याचा डाग मात्र गेलेला नाही.